पाहुण्याला शिकवलेला शब्द

९ नोव्हेंबर, रविवार

ही वही निर्मलाने आणली. काल बाजारातून मुळ्याच्या जुडीबरोबर पिशवीतून काढून माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "दिवसभर तोंडाले कुलूप लावून बसता. मायाशी बोलत नाई तं नाई, इच्याशी तरी बोला."

छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, हजारो पोरांकडून निबंध लिहून घेतले, आणि आता चौसष्टाव्या वर्षी बायको मला गृहपाठ देते आहे. बरं. लिहितो.

मी बोलत नाही हे तिचं म्हणणं खरं नाही. लागेल तेवढं बोलतो. फक्त सकाळचं बोलणं बंद झालं आहे, कारण ते आमच्या कुत्र्याशी, कोतवालाशी व्हायचं. रोज उजाडलं की आम्ही दोघं आमच्या शेतातल्या बोडीपर्यंत जायचो. एवढासा तलाव, पण त्याच्या पाळीवरून फिरायला बरं वाटायचं. जाता-येता मी त्याला सगळं सांगायचो. धानाला भाव काय लागला, मुलाचा पुण्याहून फोन आला की नाही, सरपंच कुठे चुकला. चौदा वर्षं त्याने सगळं ऐकून घेतलं आणि गावात कुठे एक शब्द बोलला नाही. ऑगस्टच्या शेवटी गेला. दुखणं नाही, औषध नाही. सकाळी उठवायला गेलो तर उठला नाही. बोडीच्या पाळीवर पुरला. तेव्हापासून तिकडे गेलेलो नाही. गुडघे दुखतात.

आज तृप्तीचा फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी. लाखनीच्या बाहेर टिनाच्या शेडमध्ये जखमी कुत्री सांभाळते. म्हणाली, "सर, एक कुत्रा आहे. हायवेवर गाडीनं उडवला होता. मागचा पाय वाकडा जुळला, बाकी एकदम चांगला आहे. पंधरा दिवस ठेवून पाहा. नाही जमलं तर मी परत घेऊन जाईन."

मला आता कुत्र्याची हौस उरलेली नाही. पण कोतवाल गेल्यापासून निर्मला फार एकटी पडली आहे. तिच्यासाठी हो म्हटलं. तिला तसं सांगितलंही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण ताप मोजताना माणसाकडे पाहतो, आणि कुकर लावायला गेली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आला. वाळल्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा रंग, एक कान उभा, एक पडलेला. मागचा डावा पाय बाहेर वळलेला, त्यामुळे चालताना सारखा कुठल्यातरी गल्लीत वळायच्या बेतात असल्यासारखा दिसतो. तीनेक वर्षांचा असावा, असं तृप्ती म्हणते.

तिने एक फॉर्म पुढे केला. त्यात नावाची जागा होती.

"पंधरा दिवसांच्या पाहुण्याला नाव कशाला?" मी म्हटलं.

"मंग पाहुणाच म्हणू," निर्मला म्हणाली. तृप्ती हसली आणि फॉर्म तसाच ठेवून गेली.

निर्मलाने त्याला कोतवालाच्या जर्मनच्या ताटलीत भात वाढला. मी ती ताटली उचलली आणि भात जुन्या डब्याच्या झाकणात ओतला. तिने झाकण त्याच्यापुढे सरकवलं. मला लगेच वाईट वाटलं, पण ताटली मी वर फळीवर ठेवून दिली ती दिलीच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हा कुत्रा उलट्या डोक्याचा आहे.

"ये" म्हटलं तर जागचा हलत नाही. "यू यू" म्हटलं, चुटक्या वाजवल्या, मांडीवर थाप मारली, काही नाही. नुसता बघत राहतो. आज दुपारी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवून उभा होता. मी खुर्चीतून ओरडलो, "हाड!" तर हा वळला, शेपटी हलवत थेट माझ्याकडे आला आणि पायावर हनुवटी ठेवून बसला!

मी पुन्हा म्हटलं, "हाड!" तो आणखी जवळ सरकला.

शाळेत असा एक मुलगा दरवर्षी असायचाच. उभा राहा म्हटलं की बसायचा. त्याच्याशी मी जसा वागायचो तसंच याच्याशी वागायचं ठरवलं आहे. म्हणजे लक्ष द्यायचं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

लक्ष न देणं जमत नाही, कारण तो समोरच बसतो.

बोलणी खायला इतका आनंदाने येणारा प्राणी मी पाहिला नाही. अंगणात धान वाळत घातलंय, त्यावर गेला. हाड म्हटलं, आला. दूधवाल्याच्या सायकलला हुंगायला गेला, दूधवाला "हाड हाड" करत उडी मारून बाजूला झाला, तर हा त्याच्या मागे नाचत निघाला. दूधवाला म्हणाला, "गुरुजी, हा पागल तं नाई न?" मी म्हटलं, निर्लज्ज आहे. कोतवालाला नुसती नजर पुरायची.

निर्मला म्हणते, दर दोन वाक्यांमागे कोतवालाचं नाव घेणं बंद करा. मी मोजलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बोडीपर्यंत जाऊन आलो. याच्या पायाला व्यायाम हवा, तृप्तीने बजावून सांगितलं होतं. गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. लाखोरी डाळीची पेरणी सगळ्यांची आटोपली, आमच्याच धानाच्या बांधीत उशीर झाला, ते त्याला सांगितलं. म्हणजे चालता चालता तोंडातून निघालं.

पाळीवर कोतवालाच्या जागेपाशी तो थांबला नाही. मी थांबलो. थोडा वेळ तो पुढे गेला, मग परत आला आणि माझ्याबरोबर उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्याने नाही. इथे खोटं लिहून काय मिळणार आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

व्हायला नको ते झालं.

शेजारच्या रंभाबाईंनी अंगणात खाटेवर लुगडं पसरून मुगाच्या वड्या घातल्या होत्या. सत्तरीच्या बाई, हात अजून कामाला चालतो, तोंड त्याहून जास्त. पाहुणा कुंपणाच्या फटीतून तिकडे गेला. वड्यांना तोंडही लावलं नव्हतं, नुसता हुंगत होता. रंभाबाई दारातून ओरडल्या, "हाड! हाड! हाड रे मुडद्या!"

हा धावत सुटला. थेट त्यांच्या अंगावर. मी आमच्या ओट्यावरून पाहत होतो. त्या मागे सरकल्या, पाय खाटेच्या खुरात अडकला आणि त्या हातावर पडल्या. वड्या सगळ्या मातीत. पाहुणा त्यांच्या तोंडाशी जाऊन उभा, शेपटी हलवत.

मी कसा कुंपण ओलांडून गेलो, आठवत नाही. त्यांचा मुलगा गोपीचंद त्यांना आपल्या माल वाहायच्या ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेला. मनगटाचं हाड मोडलंय. तीन आठवड्यांचं प्लास्टर.

संध्याकाळी गोपीचंद आला. तोही माझाच विद्यार्थी, त्यामुळे ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"गुरुजी, तुमचा मान ठेवतो म्हणून सांगाले आलो. दुसऱ्याचा असता तं कवाचाच ठेचला असता. कुत्रा माणसाच्या अंगावर जाते म्हणजे काय? उद्या लेकराले चावन. तुमी त्याले पोहचवून द्या."

मी म्हटलं, बरोबर आहे तुझं.

त्याचं बरोबरच आहे. डोळ्यांनी पाहिलंय मी. पण घरात आलो तर पाहुणा दाराशी बसला होता आणि मला पाहून त्याची शेपटी हलली, आणि मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तृप्तीला फोन केला. उद्या पोहोचवतो म्हणालो. ती म्हणाली, "सर, चावणारा नाही हो तो. शेडमध्ये मांजरीचे पिल्लू त्याच्या पोटाशी झोपत होते."

मी म्हटलं, पाहिलंय मी.

निर्मलाने सकाळपासून दोनदा भांडी घासली. जेवताना म्हणाली, "पंधरा दिवसाचा होता, पंधरा दिवस बी नाई भरले." पोळी अर्धी टाकून उठली. मी म्हटलंच होतं, तिला फार जड जाईल. मीही जेवलो नाही, ते ती एकटी कशी जेवणार म्हणून.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजचं नीट लिहितो. सगळं डोक्यात घोळतंय.

गोपीचंदच्या ऑटोतूनच निघालो. तो म्हणाला, "चला गुरुजी, मीच सोडून देतो." पाहुणा मागे पोत्यांवर, गळ्यात दोरी, दोरी माझ्या हातात. लाखनीला हायवेवर पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. गोपीचंदने चहासाठी एका धाब्यापुढे गाडी लावली. त्या वस्तीतच तृप्तीला हा सापडला होता, एवढं मला माहीत होतं.

चहा अर्धा झाला नसेल, आतून एक माणूस पिठाचे हात घेऊन बाहेर आला. ऑटोकडे पाहून थबकला आणि ओरडला, "अबे, हाडूक! हाडूक!"

पाहुण्याने ऑटोतून उडी मारली. वाकड्या पायावर पडला, उठला आणि त्या माणसाच्या छातीवर चढला. दोघंही पिठाने माखले.

त्या माणसाचं नाव नत्थू. धाब्यावर स्वयंपाक करतो. पाहुणा पिल्लू असल्यापासून त्याने याला वाढवला. रोज दुपारी आणि संध्याकाळी ताटांतली हाडकं गोळा करून मागच्या दाराशी यायचं आणि हाक मारायची.

"याचं नाव काय ठेवलं होतं?" मी विचारलं.

"नाव कायले जी? हाडूक म्हणलं का येते. हाडूक, हाडूक. अर्धं म्हणलं तरी येते. हाड म्हणलं का हा हजर!"

माझ्या हातातला चहा कलंडला.

मी छत्तीस वर्षं एका शब्दाचे दोन अर्थ शिकवत आलो. कर म्हणजे हात आणि कर म्हणजे सरकारची पट्टी. 'हाड' हा शब्द त्या यादीत घालायचं मला कधी सुचलं नाही. सगळं जग ज्या शब्दाने कुत्र्याला हाकलतं, तो याला जेवायला बोलावणारा शब्द वाटतो. मी हाड म्हटलं, तो आला. दूधवाला म्हणाला, तो नाचला. रंभाबाई तीनदा म्हणाल्या. तीनदा! मग धावणार नाही तर काय करेल? आणि हा गुरुजी म्हणवणारा त्याला उलट्या डोक्याचा म्हणून वहीत लिहीत बसला.

गोपीचंद ग्लास हातात धरून नत्थूकडे पाहत होता. त्याने हळूच म्हणून पाहिलं, "हाड." पाहुणा नत्थूला सोडून त्याच्याकडे आला आणि त्याचा गुडघा चाटू लागला. गोपीचंद म्हणाला, "बाप्पा."

मग नत्थूने सांगितलं ते जास्त वाईट होतं. "त्या दिवशी रस्त्याच्या पलीकडं टपरीवाला गाईले हाकलून राहिला होता. हाड हाड करून. हा इकडून निघाला पळत. मी बोंबललो, पण तवापर्यंत कार आली होती."

त्याला ठेवशील का म्हणून विचारलं. मालक आता ठेवू देत नाही, आणि रस्ता तोच आहे, असं म्हणाला. त्याने पाहुण्याचे दोन्ही कान धरून कपाळाला कपाळ लावलं आणि मागे न पाहता आत गेला.

तृप्तीची शेड तिथून दोन किलोमीटरवर. मी गोपीचंदला म्हटलं, "गाडी फिरव. तुझ्या आईशी मी बोलतो."

तो म्हणाला, "बोला. पण माय आयकन असं वाटत नाई."

२४ नोव्हेंबर, सोमवार

रंभाबाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या, नवं लेकरू घेऊन बसावं तशा. गोपीचंदने आधीच सगळं सांगितलेलं. मी पुन्हा सांगितलं, धडा समजावल्यासारखं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तुमचं खरं असन गुरुजी. पण तो लाडानं आला का चावाले आला, पडली तं मीच न?"

"हो."

"हाड म्हणलं का कुत्र्यानं जावं. साऱ्या गावाचे जातेत. याले शिकवा. मायं प्लास्टर निघतवरी टेम देतो. शिकला तं राहू द्या, नाई शिकला तं त्याले घेऊन जा. मंग मले काई सांगाले येऊ नका."

याहून न्यायाचं कोणी काय बोलणार? तेरा डिसेंबरला प्लास्टर निघणार आहे. आणि रंभाबाईंचं सोडलं तरी त्याला हे शिकावंच लागणार आहे. गावात रोज कोणीतरी कुणालातरी हाड म्हणतं, आणि रस्त्यावरून गाड्या जातात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शाळा सुरू. वर्ग एक, विद्यार्थी एक, शिक्षक दोन.

निर्मला ओट्यावर उभी राहून हाड म्हणते आणि काही देत नाही. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उकडलेल्या अंड्याचा तुकडा घेऊन "पाहुण्या" म्हणतो. त्याने हाडकडे पाठ फिरवून माझ्याकडे यावं अशी योजना. कागदावर उत्तम आहे.

प्रत्यक्षात तो आधी निर्मलाकडे जातो. तिने तोंड फिरवून उभं राहायचं ठरलं आहे. पण ती खाली वाकते. "मायानं नाई होत," म्हणाली, "तो असा पायते का जसं मीच वाढणार हावो." अंडं आज तिने दिलं, मी नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

नाव शिकला. पाहुण्या म्हटलं की गोठ्यामागून, तणसाच्या ढिगावरून, कुठूनही येतो. चार दिवसांत! हुशार आहे.

पण हाडला तो त्याहून लवकर येतो. मायबोली ती मायबोली, आपण शिकवतो ती शाळेतली भाषा.

६ डिसेंबर, शनिवार

तृप्तीचा फोन. भंडाऱ्यात एक कुटुंब तयार आहे. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, अंगण नाही, मोकळं सोडणं नाही, पट्टा लावूनच फिरवतील. तिथे त्याला कोणी हाड म्हणणार नाही. "सर, तुम्ही सांगाल तसं. त्यांना पुढच्या आठवड्यापर्यंत कळवायचं आहे."

सगळा दिवस याच विचारात गेला. एक आठवडा उरलाय आणि तो काही शिकत नाही. त्याच्या भल्याचं काय? निर्मलासाठी त्याला इथे ठेवून घेण्याचा हट्ट करणं बरोबर आहे का, असं मी संध्याकाळी निर्मलालाच विचारलं.

"मायासाठी?" ती म्हणाली. भाजी चिरायची थांबली. "अहो, बोडीवर कोण जाते रोज? त्याच्याशी सकाऊन येवढं काय बोलता ते आयकलं मी, दळण आणाले गेली होती तवा. मायाशी पस्तीस वर्षांत येवढं नाई बोलले. माया नावानं बिल फाडू नका." मग ती हसली आणि भाजी चिरू लागली.

ती अशीच उलटं बोलते. तिला वाईट वाटू नये म्हणून मी वाद घातला नाही. तृप्तीला अजून काही कळवलेलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

आज अक्षर वाईट येईल.

सकाळी बोडीहून परतताना आम्ही रस्त्याच्या अलीकडे होतो. पलीकडे कोणी बाई आपल्या बकऱ्यांना पाल्यावरून हाकलत होती. हाड, हाड. पाहुण्याने कान उभा केला. मी "पाहुण्या!" म्हटलं. त्याने ऐकलं, खात्रीने ऐकलं, एक क्षण माझ्याकडे पाहिलं, आणि तरी निघाला. धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, ट्रॉली वाकडी झाली. चाक आणि पाहुणा यांत एक हात अंतर होतं.

तो पलीकडे पोचून त्या बाईपुढे शेपटी हलवत उभा राहिला. मी रस्ता ओलांडला. पायातली चप्पल काढली. "हाड!" म्हणून ओरडलो आणि मारली. तो माझ्याकडे आला, कारण मी हाड म्हटलं होतं. पुन्हा हाड म्हटलं, पुन्हा मारली. तरी आला. तिसऱ्यांदा ती त्याच्या वाकड्या पायावर बसली. तो ओरडला. मी त्याचा असा आवाज आजवर ऐकला नव्हता. मग तो मागे सरकला, पोट जमिनीला लावलं आणि माझ्याकडे पाहत राहिला.

बकऱ्यावाली बाई म्हणाली, "जाऊ द्या गुरुजी, मुकं जनावर होय."

कोतवालावर चौदा वर्षांत मी कधी हात उगारला नाही. पोरांवर उगारला आहे. छडीने शिकवलेलं पोरगं जन्मभर विसरत नाही, असं आम्ही मास्तर लोक एकमेकांना चहा पिताना सांगायचो. काय विसरत नाही, हे कोणी कधी विचारलं नाही.

घरापर्यंत तो माझ्या मागे दहा पावलं ठेवून चालला.

१० डिसेंबर, बुधवार

निर्मलाला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने त्याच्या पायाला हळद-तेल लावलं आणि माझ्या चहात साखर जास्त घातली.

तो खाटेखाली आहे. पाहुण्या म्हटलं की येतो, पण वाकून येतो. दुपारी निर्मलाने कोंबडीला हाड म्हटलं, तर खाटेखाली आणखी आत गेला. एका दिवसात शिकला. दोन आठवड्यांची अंडी एकीकडे आणि तीन चपला एकीकडे.

तृप्तीला कळवलं, भंडाऱ्याच्या लोकांना नाही सांग.

१३ डिसेंबर, शनिवार

दुपारी गोपीचंदने रंभाबाईंचं प्लास्टर काढून आणलं. निरोप आला. निर्मला म्हणाली, "मी नाई येत. मले नाई पाहवणार." मी पाहुण्याला घेऊन एकटाच गेलो, दोरीशिवाय.

रंभाबाई खाटेवर बसल्या होत्या. प्लास्टरमधून निघालेला हात पांढरा आणि बारीक, दुसऱ्या कुणाचा असावा तसा दिसत होता. गोपीचंद दाराशी उभा. पाहुणा अंगणाच्या मधोमध आला तेव्हा रंभाबाईंनी तो हात वर केला आणि म्हणाल्या, "हाड."

पाहुणा जागीच थांबला. कान मागे गेले, शेपटी पोटाखाली गेली. तो वळला, माझ्या मागे आला आणि भिंतीला अंग चिकटवून बसला. तोंड भिंतीकडे.

"शिकला जी," गोपीचंद म्हणाला. "गुरुजी, मानलं तुमाले."

मी छत्तीस वर्षांत किती शब्द शिकवले, हिशेब नाही. हा एक शिकवला नसता तर बरं झालं असतं, असं तिथे उभा असताना वाटलं. पण न शिकवून चालणार नव्हतं, हेही खरं.

रंभाबाई बराच वेळ त्याच्या पाठीकडे पाहत होत्या. "येवढा कायले भेते हा?" त्यांनी विचारलं. "तवा तं असा नोता."

मी चपलेचं सांगितलं. सगळं, ट्रॅक्टरसकट.

त्यांनी हातावरून हात फिरवला. "साऱ्या गावाले वराडतो मी, गुरुजी. मायी सून सांगते, तुमचं तोंड आयकून लोक रस्ता बदलतेत. मी हाड म्हणलं अन् हासत आला, असा आजवर हा येकच होता." आणि गोपीचंदवर खेकसल्या, "असा उभा काय राहिला? भाकर आन."

गोपीचंदने भाकरी आणली. त्यांनी एक तुकडा मोडून त्या बारीक हातात धरला. "नाव काय म्हणलं याचं?"

"पाहुणा."

"ये पाहुण्या. ये न बाप्पा. मी हाड नाई म्हणत आता."

पाहुण्याने मान वळवली. त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. उठला नाही. रंभाबाईंचा हात तसाच पुढे, दुखत असणार, तरी पुढे. पाहुणा माझ्याकडेच पाहत राहिला, आणि मला कळलं की तो विचारतो आहे.

"जा," मी म्हटलं.

तो आणखी खाली दबला. मला चूक समजली. मी खाली बसलो, गुडघे कडकड वाजले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू म्हटलं, "जा बाबा. जा. बोलावून राहिल्या त्या."

तो उठला. वाकड्या पायाने, वळत वळत, अंगण ओलांडून गेला. रंभाबाईंच्या हातातून भाकरी घेतली आणि तिथेच त्यांच्या पायाशी बसून खाऊ लागला. त्यांनी त्याच्या पाठीला हात लावला नाही. नुसत्या पाहत बसल्या. गोपीचंद आत गेला.

मी त्याला हाक मारणार होतो, पण मारली नाही. त्याचं खाऊन होऊ दिलं. रंभाबाईंना नमस्कार केला आणि निघालो. फाटकाच्या बाहेर आलो, आमच्या ओट्याशी पोचलो, मागे वळून पाहिलं नाही. निर्मला दारात उभी होती, माझ्याकडे नाही, माझ्या मागे पाहत होती. तिच्या तोंडावरून कळलं की तो आपला आपण येतो आहे.